मापासाठी हात

मला जळू आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, बाई प्राणिप्रेमी दिसते. जळू ओली असते, बुळबुळीत असते, तिचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं हे ती हलेपर्यंत कळत नाही, आणि कळलं तरी बरं वाटत नाही. कचेरीतल्या पाहणीवाल्याबरोबर एकदा झऱ्याच्या तळ्यावर गेले होते तेव्हा एक माझ्या घोट्याला लागली. दुखलं नाही. दुखत नाही हेच तिच्यातलं सगळ्यात ओंगळ. मोजा काढला तर ती टम्म फुगून गळून पडली आणि मागे तीन टोकांची बारीक खूण राहिली. ती खूण पुढे कितीतरी दिवस खाजत होती.

तळंही काही बघण्यासारखं नव्हतं. तीन बाजूंनी भिंती, चौथ्या बाजूला टायरांचा ढीग, पाण्यावर पिशव्या आणि काठाला कुजकट वास. खालून झरा येतो म्हणून ते आटत नाही, एवढंच त्याचं कौतुक. त्या जागी एका मोठ्या व्यापाऱ्याला गोदाम बांधायचं होतं. तळं बुजवलं असतं तर कुणी रडलं नसतं. पण ही जळू, पाठीवर पिवळी रेघ असलेली, जगात फक्त त्या एका डबक्यात उरली होती. तळं गेलं की ती गेली. तिची बाजू घेणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मला तर ती बघवतही नव्हती.

मी ज्या कचेरीत काम करते ती भाऊजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. कुणाला कुठे काही बांधायचं असलं की आधी त्या जागेवर कोण कोण राहतं ते पाहावं लागतं. कोण म्हणजे माणसं नव्हेत, माणसांचं खातं वेगळं आहे. झाडं, पक्षी, बेडूक, किडे. आमचे लोक जाऊन नोंदी आणतात. त्यापुढचं काम माझं. एकेका जिवाचं नाव घ्यायचं, जगभरच्या याद्यांत तो कितपत सुरक्षित आहे ते बघायचं, आणि याद्या एकमेकींशी ताडून शेवटी एक शब्द लिहायचा.

याद्या तीन. त्यांची खरी नावं लांबलचक आहेत आणि उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून कचेरीत आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो, एका घरात नांदणाऱ्या जावा असाव्यात तशा. थोरली तज्ज्ञांची. ती एकेका जिवावर वर्षानुवर्षं विचार करते आणि मग एक शब्द बोलते: काळजी नाही, धोक्यात, अतिधोक्यात. तोवर तो जीव मेला तरी ती घाई करत नाही. मधली संग्रहालयांची. कुठल्या बरणीत काय बुडवलंय, कुठल्या कपाटात कोणता पक्षी भुसा भरून ठेवलाय, सगळं गोळा करते, काही टाकून देत नाही, आणि जीव किती ठिकाणी सापडला त्यावरून स्वतःच गणित मांडून दर्जा देते. धाकटी हौशी लोकांची. कुणीही फोटो काढावा, ठिकाण लिहावं, टाकून द्यावा; दोन अनोळखी माणसांनी 'हो, तीच आहे' म्हटलं की नोंद पक्की.

तिघींचं क्वचितच जमतं. एकीच्या मते जो बेडूक संपत आला, तो दुसरीच्या मते गल्लोगल्ली उड्या मारत असतो. म्हणून भाऊजींनी नियम केला: तीनपैकी दोघी म्हणतील ते खरं. नियम कागदावर छान दिसतो. गिऱ्हाइकाला कळतो, सरकारी खात्यातल्या साहेबालाही कळतो. भानगड एवढीच की मधली दर रविवारी धाकटीच्या पक्क्या नोंदी जशाच्या तशा उचलते. म्हणजे धाकटी जे बोलली तेच मधली सोमवारी स्वतःच्या तोंडाने बोलते. आपण धरतो दोन साक्षीदार, आणि असतं एकीचंच म्हणणं दोनदा. हे मी नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी भाऊजींना सांगितलं होतं.

"जावा-जावांचं कधी नव्हे ते जमतंय," ते म्हणाले, "तू कशाला मध्ये बिब्बा घालतेस?"

कचेरी हसली. मीही हसले.

धाकटीची आणखी एक पद्धत सांगायला हवी. अळी, गांडूळ, जळू असल्या प्राण्यांचा नुसता फोटो ती घेत नाही. केवढा आहे ते कळायला शेजारी काहीतरी माप लागतं. पट्टी चालते, काडेपेटी चालते. पण हौशी लोकांनी वेगळंच वळण पाडलंय: प्राणी सरळ तळहातावर ठेवतात. त्याला म्हणतात 'मापासाठी हात'. त्यात माप कळतं आणि धाडसही दिसतं.

आता ताईबद्दल. ताईची किळस आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. साबणाला केस चिकटलेला दिसला तर ती साबण बदलते. पाहुण्याने वापरलेला पेला ती आधी गरम पाण्याने धुते, मग गार पाण्याने, आणि मग मनातल्या मनात आणखी एकदा. पाल दिसली तर खोली सोडून जाते, आणि पाल गेल्याचं कुणी शपथेवर सांगितल्याशिवाय परतत नाही. आम्ही तिला नाकाने कांदे सोलणारी म्हणतो आणि तिला त्याचं काही वाटत नाही. पण याच ताईने मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी धड बोलतही नव्हते आणि ती शाळेत होती. माझ्या उलट्या, माझं ओलं अंथरूण, माझ्या डोक्यातल्या उवा, सगळं तिनेच निस्तरलं. नाक मुरडून, मला शिव्या घालून, पण निस्तरलं.

तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. लहानपणी कपाटाच्या दारात चेमटली, कुणी नीट बांधली नाही, आणि टोकाकडून बाहेर वळली ती वळलीच. रस्ता ओलांडताना मी नेमकी तीच धरायचे. त्या वाकड्या टोकात माझी मूठ अडकून बसायची आणि हात सुटायचा नाही.

तर पाहणीवाल्याने त्या तळ्यातली एक जळू नमुना म्हणून बरणीत घालून आणली. गार राहिली पाहिजे म्हणून बरणी कचेरीच्या फ्रिजमध्ये ठेवली, दुधाच्या शेजारी, आणि वर चिठ्ठी लावली: 'खाऊ नये'. त्याला तो विनोद वाटला. मी चहा कोरा प्यायला लागले.

याद्या ताडल्या. थोरली म्हणाली अतिधोक्यात, जगात एकच तळं. मधलीकडे एका जुन्या बरणीची नोंद होती, तेच तळं, तोच दर्जा. धाकटीला या जळूचा पत्ताच नव्हता. दोघींचं एकमत झालं म्हणजे नियमाप्रमाणे तळ्याला हात लावता येत नाही. मी तसं लिहून भाऊजींच्या टेबलावर ठेवलं.

भाऊजी अंगाने दांडगे आहेत, बोलायला लोण्यासारखे, आणि रक्ताचा थेंब दिसला तरी त्यांना घेरी येते. दाढी करताना कापलं तर ताईला हाक मारतात. त्यांनी कागद वाचला आणि उलटा ठेवला.

"हे आत्ता नको पाठवायला. महिनाभर थांबू."

"महिन्याने काय होणार आहे?"

"याद्या काय गं, बदलत असतात."

मला वाटलं, व्यापाऱ्याची समजूत घालायला वेळ हवा असेल. त्याच आठवड्यात फ्रिजमधली बरणी गेली. झाडणाऱ्या बाईंनी टाकली असणार असं समजून मी त्यांना मनोमन दुवा दिला आणि चहात पुन्हा दूध घालायला लागले.

सुट्टीच्या दिवशी मी ताईकडे जेवायला जाते. पुढच्या सुट्टीला ती वाढत होती तेव्हा तिच्या डाव्या तळहातावर, अंगठ्याच्या खाली, लाल खूण दिसली. मधेच ती हात टेबलाच्या कडेला घासत होती.

"काय झालं हाताला?"

"डास."

"तळहातावर?"

"मग काय वाघ चावला? भात घे."

"आजकाल फार चिडते ही," भाऊजी म्हणाले आणि भाजीचं भांडं स्वतःकडे ओढलं.

मी भात घेतला. माझ्या घोट्यावर अगदी तशीच खूण होती, नुकती सुकत आलेली. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. ताई आणि जळू या दोन गोष्टी एका वाक्यात बसतील असं कुणाला सुचलं असतं?

महिना झाल्यावर भाऊजी माझ्या टेबलापाशी आले. "ते तळ्याचं पुन्हा एकदा ताडून बघ. नवीन काही आलं असेल."

आलं होतं. ज्या धाकटीला या जळूचा पत्ता नव्हता, तिच्याकडे आता नऊ तळ्यांतून नऊ फोटो होते. टाकणारे वेगवेगळे: कुणी 'जलमित्र', कुणी 'चिखलपाय', कुणी 'निसर्गवेडी'. प्रत्येक नोंदीला होकार मिळालेले. मधलीने त्या रविवारी उचलल्या, गणित मांडलं आणि दर्जा बदलला: बऱ्याच ठिकाणी आढळते, काळजी नाही. थोरली एकटीच कोपऱ्यात 'अतिधोक्यात' म्हणत बसली होती. तिचं आता कोण ऐकणार?

खरं सांगते, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. नऊ तळी म्हणजे जळू वाचली, आणि भाऊजींशी होणारं भांडणही वाचलं. एक डबकं बुजलं तरी दुसऱ्या नऊ ठिकाणी ती आपली बुळबुळत राहील, आणि मला तिचं तोंड बघावं लागणार नाही. मी मुकाट्याने 'काळजी नाही' लिहिलं आणि संदर्भ द्यायचे म्हणून फोटो उघडले.

फोटो वरून काढलेले होते. मधोमध तळहात, तळहातावर जळू, मागे कुठे चिखल, कुठे पानं, कुठे हिरवट पाणी. खाली लोकांनी आनंदाने लिहिलेलं. एकाने लिहिलं होतं, आमच्या भागात सापडली, अभिमान वाटतो. एक कुणी निवृत्त मास्तर होते, त्यांनी नऊही फोटोंना होकार दिला होता आणि शेवटच्याखाली लिहिलं होतं: 'माझं उभं आयुष्य ही जळू एकाच तळ्यात उरली या काळजीत गेलं. आज मला शांत झोप लागेल. तुम्हा सगळ्या तरुण मित्रांचे उपकार.'

मी पुढचा फोटो उघडला, मग मागचा, मग पुन्हा पुढचा. पहिल्या फोटोत जळू बऱ्यापैकी होती. दुसऱ्यात जरा बारीक. तिसऱ्या-चौथ्यात आणखी. पाचव्यात नुसती वादी राहिली होती, उपाशी. आणि सहाव्यात ती एकदम फुगलेली होती, तोंडाकडून अंगठ्याच्या खालच्या मांसल भागाला घट्ट लागलेली. सातव्यापासून गुबगुबीत. नऊ तळ्यांतल्या नऊ जळवा नव्हत्या त्या. एकच जळू होती, फ्रिजमधल्या त्या बरणीतली, उपाशी ठेवलेली, आणि मधे एकदा जेवलेली.

मग मला हात दिसला. डावा हात, कारण उजव्यात फोन असणार. स्वच्छ, नखं बारीक कापलेली, आणि करंगळी टोकाकडून बाहेर वळलेली.

मी उठून बेसिनपाशी गेले. हात धुतले. पुसले, आणि पुन्हा धुतले. इतकी घाण मला त्या तळ्याच्या काठावर उभं राहूनही वाटली नव्हती. जळू निदान आपल्या पोटासाठी चिकटते, आणि पोट भरलं की सोडते.

सगळ्यात घाण कशाची वाटली सांगू? पंचवीस वर्षं भाऊजी त्या हातचं जेवतायत. फोटो निवडताना त्यांनी जळू नीट दिसते का ते पाहिलं असेल, मागचं पाणी दर वेळी वेगळं वाटतं का ते पाहिलं असेल. हात पाहिला नाही. बायकोची करंगळी वाकडी आहे हे त्यांना आठवलंसुद्धा नाही. त्यांच्या लेखी तो हात म्हणजे माप होतं, काडेपेटीसारखं.

कचेरी सुटायची वाट न बघता मी ताईकडे गेले. ती भांडी पुसून जागच्या जागी लावत होती. मी फोन तिच्यासमोर धरला.

"हा हात कुणाचा?"

तिने चष्मा कपाळावर सरकवला, फोन जवळ घेतला. "माझा. किती काळा आलाय."

ती नाकारेल असं मला वाटलं होतं. रस्ताभर मी पुढचं बोलणं जुळवत आले होते, ते सगळं वाया गेलं.

"ताई, जळू आहे ती."

"मला सांगतेस? मी धरलीय ती."

"तू साबणावरचा केस धरत नाहीस."

"मग कोण धरणार होतं? ह्यांना रक्ताचं जमत नाही. पहिल्या दिवशी बरणीचं झाकण उघडलं आणि खुर्चीत बसले डोकं धरून. बाहेरचा माणूस आणला तर चार ठिकाणी बोलेल. मी डोळे मिटून ती डाव्या हातावर घेतली आणि उजव्याने फोटो काढला. रोज एक फोटो. गच्चीत कुंडीपाशी, बादलीपाशी, मोरीपाशी. ठिकाणं ह्यांनी लिहिली."

"आणि चावली तेव्हा?"

"फोटो होईपर्यंत थांबले, मग काढली." ती ताटली पुसत राहिली. "दुखत नाही गं. तेच तर घाणेरडं आहे."

"कुठाय आता ती?"

"कोण?"

"जळू, ताई."

"मीठ घातलं. जिवंत टाकून देऊ की काय मोरीत, वर आली म्हणजे? दोन चमचे मीठ. मग बरणी उकळली, आणि तरी टाकूनच दिली." तिच्या अंगावर शहारा आला, तो खोटा नव्हता.

जगभरच्या याद्यांत 'वाचवा' म्हणून ज्याच्या नावापुढे लाल ठिपका काढतात, असा एक जीव माझ्या बहिणीने स्वयंपाकाच्या मिठाने मारला होता. आणि भांडी पुसता पुसता मला ते सांगत होती.

"कशासाठी चाललंय हे तुला माहीत होतं?"

"तळ्यासाठी. ते गिऱ्हाईक गेलं तर कचेरी राहत नाही, हे म्हणाले. कचेरी गेली की तुझी नोकरी गेली. तुला दुसरीकडे कोण ठेवून घेईल? तू सगळ्यांना तोंडावर बोलतेस."

"म्हणजे माझ्यासाठी केलंस?"

"सगळ्यांसाठी केलं. तुझ्या उवा काढत होते तेव्हा नाही विचारलंस, कुणासाठी करतेस म्हणून."

मला तिचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता. किळस मात्र येत होती, आणि ती नेमकी कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. तिच्यावर ठेववत नव्हती.

"ते नऊही खोटे आहेत," मी म्हणाले. "ती फक्त त्या एका तळ्यात आहे. उद्या माती पडली की संपली. कायमची."

"संपू दे. तुला आवडते का ती?"

"नाही."

"मग?"

मी तिला मास्तरांचं लिहिणं वाचून दाखवलं. उभं आयुष्य, शांत झोप, तरुण मित्रांचे उपकार. ती ऐकता ऐकता थांबली. फडका खांद्यावर टाकला. क्षणभर मला वाटलं, हिला लागलं कुठेतरी.

"म्हातारा माणूस दिसतोय," ती म्हणाली. "झोपू दे त्याला."

भाऊजी आले तेव्हा आम्ही दोघी टेबलापाशी बसलो होतो. त्यांनी टेबलावरचा फोन पाहिला, उघडा फोटो पाहिला, आणि हातपाय धुऊन जेवायला बसले. चोरी पकडली गेल्यावर माणूस एवढा निवांत असू शकतो हे मला नवीन होतं.

"तुला कळेल हे मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "पण कशावरून कळलं?"

मी सांगितलं. त्यांनी मान वळवून ताईच्या हाताकडे पाहिलं, नवीन काहीतरी पाहावं तसं. "हो की," ते म्हणाले. "वाकडी आहे."

ताईने हात टेबलाखाली घेतला.

"भाऊजी, आपलं काम काय आणि आपण करतोय काय? कुंपणच शेत खायला लागलं."

"अगं, यादी म्हणजे तरी काय? माणसांनीच भरलेली. कुणी घाईत भरली, कुणी झोपेत. तूच मला सांगितलं होतंस ना, मधली धाकटीचं उचलते म्हणून? मी तर ते तुझ्याकडूनच शिकलो."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. मी तक्रार म्हणून सांगितलेली गोष्ट त्यांनी युक्ती म्हणून जपून ठेवली होती.

"उद्या दुपारी अहवाल जाईल," ते म्हणाले. "सही तुझी लागते. ताडून बघणारी तू."

"आणि नाही केली तर?"

"तर दुसरा कुणी करेल. पण मग तू उद्यापासून येऊ नकोस. आणि इथेही," त्यांनी टेबलावर हात फिरवला, "कोणत्या तोंडाने येशील ते तुझं तू बघ."

ताईने ताट घेतलं, वाढायला सुरुवात केली आणि ते माझ्यापुढे सरकवलं. डाव्या हाताने ताट धरलं होतं. अंगठ्याखालची खूण अजून पुरती गेली नव्हती. मला ते अन्न समोर दिसत होतं, रोजच्यासारखंच होतं. मी ताट मागे सारलं.

ताईने आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हात धुतलेत मी," ती हळूच म्हणाली. "कितीदा धुतलेत."

जन्मात पहिल्यांदा मी तिच्या हातचं परत केलं होतं. चप्पल घालताना मागून भाऊजींच्या जेवणाचा आवाज येत होता. ते नीट, चवीने जेवत होते.

सकाळी मी कचेरीत सगळ्यांच्या आधी गेले. अहवाल तयार होता, फक्त सहीची जागा मोकळी. मी तो बाजूला ठेवून धाकटी उघडली. तिच्याकडे हरकत घ्यायची सोय आहे. स्वतःच्या खऱ्या नावाने, कारण देऊन हरकत घेतली की नोंद गोठते, आणि गोठलेली नोंद मधली रविवारी काढून टाकते. निनावी हरकतीला कुणी विचारत नाही.

दुसरं एखादं कारण देता येतं का ते मी खूप पाहिलं. पिवळी रेघ या जातीच्या प्रत्येक जळूला असते, त्यावरून एकच जळू आहे हे सिद्ध होत नाही. बारीक-जाड होणं कुणीही उडवून लावेल, प्राणी आहे, जेवत असेल. ताईच्या कुंडीची कड एकाच फोटोत होती. नऊही फोटोंत हटकून असलेली गोष्ट एकच होती. ती लिहिली की जगभरचे लोक ती वाचणार, भाऊजी वाचणार, आणि कधीतरी कुणीतरी ताईला वाचून दाखवणार.

हरकतीच्या कागदावर पहिला प्रश्न होता: नोंद चुकीची आहे हे कशावरून ओळखलं? तिथे लोक रेघांबद्दल, ठिपक्यांबद्दल लिहितात. मी लिहिलं: 'हातावरून. या माणसाच्या नावाने टाकलेल्या आणि इतर आठ नावांनी टाकलेल्या फोटोंत एकच हात आहे. डाव्या हाताची करंगळी टोकाकडून बाहेर वळलेली आहे. हा हात माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे. ती यातल्या एकाही तळ्यावर गेलेली नाही.'

दुसरा प्रश्न: खात्री किती? थोडी, बरीच, पूर्ण. मी 'पूर्ण' निवडलं. तर आणखी एक चौकट उघडली: पूर्ण खात्री असल्यास आधार द्या.

मी लिहिलं: 'हीच करंगळी धरून मी रस्ता ओलांडायला शिकले.' खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि पाठवलं.

लगेच उत्तर आलं की या नोंदीवरची हरकत पोहोचली आहे. एका नोंदीचं कारण दुसरीला लागू होत नाही, प्रत्येकीसाठी वेगळी हरकत घ्यावी लागेल. मी दुसरा फोटो उघडला आणि तेच सगळं पुन्हा लिहिलं. मग तिसरा. कचेरीत माणसं यायला लागली होती, कुणीतरी चहाचं विचारलं, मी मान हलवली. सहाव्या फोटोपाशी मला थांबावं लागलं. त्यात जळू तिच्या तळहाताला लागून रक्त पीत होती, आणि फोटो लख्ख आला होता. तिचा हात जरासुद्धा हलला नव्हता. तिथेही मी तेच लिहिलं.